सतरा मार्कांचा सिनेमा

या उन्हाळ्यात आमच्या तापीकाठच्या गावात, सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत एक बातमी उठली. ज्योत्स्ना सरोदे मॅडमच्या घरी दर रविवारी दुपारी एक माणूस येतो. नुसता येत नाही, रडतो. दाराशी चप्पल दिसत नाही, गाडी दिसत नाही, पण तीन ते पाचच्या मधे त्याचा आवाज येतो, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याचा घास हातातच राहावा.

बातमी कमलकाकूंची. कमलकाकूंची आणि मॅडमची भिंत एकच आहे, आणि यंदा पाडव्याला काकूंनी आपला देव्हारा त्याच भिंतीवर आणला. त्यामुळे काकूंनी भिंतीला कान लावला तरी बघणाऱ्याला पूजाच चाललीय असं वाटतं.

"म्या माह्या कानानं ऐकलं ना बाई," काकू ओट्यावर बसून सांगत होत्या. "तो म्हने, 'रागिनी, पानी कमर तक आ गया, अब तो हां कह दो!' आता तूच सांग, कोनाच्या घरात कमरेपर्यंत पानी आलं? आपल्याकडे तर नळाले धार नाही!"

"पण मॅडमचं नाव ज्योत्स्ना आहे काकू. रागिनी नाही."

"लाडाचं असंन!"

गल्ली हादरली. अठ्ठावन्न वर्षांच्या, लग्न न केलेल्या, फिजिक्स शिकवणाऱ्या सरोदे मॅडमना कोणी लाडानं काही म्हणत असेल, ही कल्पना एकालाही पेलेना. दोघीतिघी तर तोंडावर पदर धरून उभ्याच राहिल्या.

तर आधी हे दुरुस्त करते. माणूसबिणूस काही नव्हता. मला हे काकूंच्या देव्हाऱ्याशी बसून तिसऱ्याच रविवारी कळलं, कारण मी मॅडमच्याच वर्गातली नकलाकार, आणि नकला करता करता माझ्या कानांना एक खोड लागली आहे. खरा माणूस तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणतो तेव्हा कुठेतरी घसरतो. श्वास वेगळा पडतो, एखादा शब्द लवकर येतो. हा रागिनीवाला तिन्ही रविवारी 'कमर'वर तेवढाच थांबला आणि 'हां'वर तेवढाच फुटला. असं माणूस करत नाही, मशीन करतं. मॅडम घरात सिनेमा बघत होत्या. एकच सिनेमा, दर रविवारी, गेली अठरा वर्षं.

आता मॅडम कोण हे माहीत असलेल्याला विचारा, घरात माणूस असणं जास्त धक्कादायक की हे. तो सिनेमाचंच नाव घेईल.

मॅडमचे वडील जळगावकडून नेपानगरला पेपर मिलमध्ये कामाला आले आणि तिथेच राहिले. त्यांचं काम तयार कागद उजेडासमोर धरून डाग शोधायचं. मिलच्या कॉलनीत वाढलेल्या मुलीनं तीच नजर उचलली, फक्त कागदाऐवजी माणसं उजेडात धरली. लग्नपत्रिका आली की मॅडम ती लाल पेनानं तपासतात आणि आहेराबरोबर परत देतात. राजघाटावर एकदा पुरात कोणी म्हणालं, "तापी दोन फूट चढली हो!" सगळे हात जोडून उभे, आणि मॅडम मागून विचारतात, "कशापासून दोन फूट?" आमच्या गल्लीतल्या सागरनं अकरावीत एका उत्तराला नुसतं 'नऊ पॉइंट आठ' लिहिलं, पुढे एकक लिहिलं नाही. मॅडमनी पूर्ण वर्गासमोर त्याची वही उंच धरली. "नऊ पॉइंट आठ काय, सागर? वांगी?" तो त्या वर्षी नापास झाला, पुढच्या वर्षीही झाला. त्याला अजूनही बाजारात कोणी ना कोणी 'वांगी' म्हणून हाक मारतं.

अशा बाईंच्या घरात तो सिनेमा फुकट आला, हे पुढे त्यांनीच मला सांगितलं. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी डीव्हीडी प्लेयर घेतला, ग्रह-ताऱ्यांच्या फिल्मा बघायला म्हणून. दुकानदारानं वर एक डिस्क दिली. नाव, 'बांध टूटा, दिल जुड़ा'. मॅडमनी ती लावली ती केवळ मशीन चालतं की नाही ते बघायला.

सिनेमात विक्रांत नावाचा एक इंजिनिअर धरणावर येतो. धरण थर्माकोलचं आहे हे आंधळ्यालाही कळावं. त्याला भेग पडते. कंत्राटदाराची मुलगी रागिनी खाली गावात आहे. विक्रांत तिला आधी धोक्याची सूचना द्यायची सोडून प्रेम सांगतो, मग दोघं भेगेच्या शेजारी उभे राहून गाणं म्हणतात. धरण फुटतं. पुरात एक म्हैस वाहत जाते. थोड्या वेळानं तीच म्हैस परत वाहत जाते. रागिनी छपरावर पाच तास पावसात उभी आहे आणि तिचा पदर कोरडा आहे. शेवटी दुसरी भेग पडते तेव्हा विक्रांत त्या भेगेला स्वतःची पाठ लावून उभा राहतो आणि पूर्ण अकरा मिनिटं बोलतो.

मॅडमनी त्याच संध्याकाळी कागद घेतला. पाण्याची खोली तीस मीटर धरली, पाठीचं क्षेत्रफळ काढलं, गुणाकार केला. बारा टन. त्या माणसाच्या पाठीवर बारा टन वजन होतं आणि तो 'रागिनी' म्हणत होता.

"मूर्खपणा," मॅडम रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाल्या. आणि डोळ्याला हात लावला तर डोळे ओले!

त्यांना इतका धक्का बसला की त्या उठून आरशासमोर गेल्या. वडील गेले तेव्हासुद्धा त्या आधी सर्टिफिकेटवरचं नाव नीट आहे का ते वाचत होत्या. आणि हे काय?

पुढच्या रविवारी त्यांनी तो परत लावला, म्हणे सगळ्या चुका नीट लिहून काढू. हातात लाल पेन, समोर उत्तरपत्रिका तपासायचा कागद. विज्ञानाला शून्य, तर्काला दोन, असं करत शंभरातले सतरा मार्क पडले. नापास. आता नापास झालेल्याला फेरपरीक्षा द्यावी लागते, हा तर नियमच आहे. म्हणून पुढच्या रविवारी फेरपरीक्षा. परत सतरा. मॅडम अठरा वर्षं त्या सिनेमाची फेरपरीक्षा घेत आल्या, दारं-खिडक्या लावून, पंखा पाचवर ठेवून, आणि शेवटच्या अकरा मिनिटांत पेन बाजूला ठेवून. त्या अकरा मिनिटांसाठीच तर बाकीचे दोन तास होते.

हे कोणाला कळलं तर? एककासाठी पोरांना नापास करणारी बाई बारा टनांखाली बोलणाऱ्या माणसासाठी रडते, हे कळलं तर वर्गात पाय कोणत्या तोंडानं ठेवायचा?

आणि मग मे महिन्यातल्या एका रविवारी डिस्क अडकली.

विक्रांत भेगेला पाठ लावतो, मान वर करतो, म्हणतो, "रागिनी, अगर मैं—" आणि तिथेच. "अगर मैं अगर मैं अगर मैं अगर मैं." मॅडमनी बटण दाबलं, ऐकेना. रिमोट मारला, ऐकेना. आवाज कमी करायला गेल्या तर तो वाढला. भिंतीपलीकडे कमलकाकूंनी हातातली घंटा टाकली.

"अगं बाई, त्याले झटका आला! कांदा आणा, कांदा! चप्पल हुंगवा!"

दोन मिनिटांत मॅडमच्या दाराशी बाराजण. एकाच्या हातात कांदा, एकाच्या हातात कोल्हापुरी. काकू दार बडवताहेत, "मॅडम, लाजू नका, उघडा! जीव महत्त्वाचा!"

मॅडमनी आतून प्लग उपटला. दार चार बोटं उघडलं. गल्लीनं त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता, घामानं डबडबलेला, चष्मा डोक्यावर.

"काय आहे?"

"तो... माणूस..."

"कोण माणूस? रेडिओ होता. बिघडला."

दार बंद.

आत मॅडम दाराला टेकून उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या सरळ सरळ खोटं बोलल्या होत्या, तेही चार बोटांच्या फटीतून. पण त्याहून मोठं दुःख समोर होतं. त्यांनी डिस्क पुसली, फुंकर मारली, परत लावली. "अगर मैं अगर मैं." सिनेमा मोबाइलवर शोधला तर त्याचं नावसुद्धा कुठे सापडेना. जगात बहुतेक ती एकच डिस्क उरली असावी, आणि ती त्यांच्या हातात मरत होती.

डिस्कमधलं काढून दुसरीकडे भरून देणारा गल्लीत एकच जण होता. सागर. मोबाइल आणि सीसीटीव्हीचं दुकान. म्हणजे सिनेमा वाचवायचा तर वांगीपुढे हात पसरायचा, आणि इज्जत वाचवायची तर सिनेमा जाऊ द्यायचा. मॅडम तीन दिवस विचार करत राहिल्या. चौथ्या दिवशी भर दुपारी, बाजार रिकामा असताना, डिस्क स्टीलच्या डब्यात पोळीच्या फडक्यात गुंडाळून त्या दुकानाची पायरी चढल्या.

सागर खुर्चीतून असा उठला की खुर्ची मागे पडली. "मॅडम! तुम्ही? बसा ना, बसा. काय झालं, मोबाइल?"

"नाही. एक फिल्म आहे. शैक्षणिक."

हे दुसरं खोटं. सागरनं डबा उघडला, फडकं उलगडलं, डिस्कवरचं नाव वाचलं. मग मॅडमकडे पाहिलं. मग परत नाव वाचलं.

"'बांध टूटा, दिल जुड़ा,'" तो हळूच म्हणाला. "मॅडम, ये कौन से सब्जेक्ट में आता है?"

"पाण्याचा दाब," मॅडम म्हणाल्या आणि भिंतीवरच्या कॅमेऱ्यांकडे बघू लागल्या.

दुकानात खकनारहून आलेले देवरामभाऊ बसले होते. शेतातल्या मोटारीवर कॅमेरा लावायचा म्हणून. सागरनं डिस्क लावली तसा काउंटरवरचा मोठा स्क्रीन उजळला आणि गाणंच सुरू झालं. भेगेशेजारी विक्रांत आणि रागिनी गोल फिरताहेत. मॅडमना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सागर ओठ चावून हसू दाबत होता, त्याचे खांदे हलत होते. आणि देवरामभाऊ? ते खुर्ची ओढून पुढे सरकले. कॅमेरा विसरले. धरण फुटलं, पूर आला, म्हैस गेली. थोड्या वेळानं म्हैस गेली. मग—

"ओ भो!" देवरामभाऊ ओरडले. "हे तेच म्हैस हाये ना!"

"तिसऱ्यांदा!" मॅडम त्याहून मोठ्यानं ओरडल्या. "डाव्या शिंगाला लाल फीत बघा! तिसऱ्यांदा वाहते आहे! अजून एकदा येणार, उलट दिशेनं!"

मॅडमनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. अठरा वर्षांत त्या म्हशीबद्दल त्या पहिल्यांदाच कोणाशी बोलल्या होत्या.

"उल्टी?" देवरामभाऊ डोळे विस्फारून म्हणाले. "पुराच्या उल्टी? मग तं पाहूनच जातो बाई."

चौथी म्हैस आली तेव्हा सागर काउंटरवर डोकं ठेवून हसत होता, देवरामभाऊ मांड्या थोपटत होते आणि मॅडम, आमच्या सरोदे मॅडम, पदरानं डोळे पुसत खिदळत होत्या. मग विक्रांतनं भेगेला पाठ लावली. "रागिनी, अगर मैं—"

सागरचं हसू थांबलं. त्यानं खूप खटपट केली. दोन मशीनं बदलली, डिस्कला कायकाय चोळलं. शेवटी मान हलवली.

"मॅडम, बाकी सगळं निघालं, पेन ड्राइव्हमधे टाकून देतो. लास्टची अकरा मिनिटं गेली. वो तो गया काम से."

सागरला वाटलं, मॅडम ओरडतील. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, मोकळा डबा हातात धरून. देवरामभाऊंनी बिचाऱ्यांनी विचारलं, "मंग पोरीनं हां म्हटलं का नाही, बाई?" मॅडमनी पेन ड्राइव्ह फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला. पायरी उतरताना त्या एकदम थांबल्या आणि मागे वळल्या.

"सागर, ती शैक्षणिक फिल्म नव्हती."

"माहीत आहे मॅडम."

तिथून त्या घरी गेल्या नाहीत. सरळ कमलकाकूंच्या ओट्यावर गेल्या, जिथे चारपाचजणी आणि मी बसलो होतो. उभ्या राहूनच म्हणाल्या, "त्या दिवशी मी खोटं बोलले. रेडिओ नव्हता. सिनेमा होता. मी तो दर रविवारी बघते. तो अतिशय वाईट आहे."

काकूंचा चेहरा पडला. इतक्या दुःखी काकू मी कधी पाहिल्या नाहीत. "म्हंजे मानूस... नाहीच?"

"नाही."

"एकबी दिवस नाही?"

"नाही, कमलताई."

काकू सहजासहजी सोडणाऱ्या नव्हत्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मग त्या सिनेमात कोनाची आठवन हाये का? नेपानगरचं कोनी? सांगा, आपलेच आहो आपन. त्याचा चेहरा तसा दिसते का?"

"कोणाची आठवण नाही. कोणी नव्हतं. त्याचा चेहरा तर मला आवडतही नाही." मॅडम जरा थांबल्या. "मला सिनेमा आवडतो. बस."

प्रेम असतं तर समजलं असतं, दुःख असतं तर रडलो असतो. नुसतं आवडतं? सरोदे मॅडमना? सतरा मार्कांचं? काकू शेवटी म्हणाल्या, "मग आमाले बी दाखवा. दोन महिन्यापासून त्याचा आवाज ऐकून राहिली मी, तोंड तर पाहू द्या मेल्याचं."

ठरलं. रविवारी तीन वाजता, काकूंच्या पुढच्या खोलीत, सागर त्याचा मोठा टीव्ही आणणार.

शनिवारी संध्याकाळी मी मॅडमकडे गेले. त्या खोलीत येरझारा घालत होत्या. लोक हसतील याची भीती नव्हती आता, लोक हसणारच होते. भीती शेवटाची होती. "अगर मैं"वर पडदा काळा होणार. म्हणजे खोलीभर माणसांच्या मनात विक्रांत कायमचा एक मूर्ख राहणार, म्हशीसारखाच. त्या अकरा मिनिटांशिवाय तो सिनेमा खरंच सतरा मार्कांचा होता.

"मग तुम्ही सांगा ना शेवट," मी म्हटलं. "तुम्हाला पाठ आहे."

"सांगेन."

"नाही सांगणार. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल." आणि मी त्यांचाच आवाज काढला, चष्म्याला बोट लावून. "'यापुढील भाग उपलब्ध नाही. प्रश्न असल्यास विचारा.'"

मॅडमना हसू आलं नाही. "पैज लावतेस, सायली?"

"लावते. विक्रांतसारखं बोलायचं हं, पूर्ण, सगळ्यांसमोर. गोष्ट सांगितली तर चालणार नाही."

"मी हरले तर?"

"वर्षभर माझी एकही चूक काढायची नाही. बोलण्यातली, लिहिण्यातली, कसलीच."

त्यांनी डोळे मिटले. त्यांना ते खरंच जड गेलं. मग म्हणाल्या, "आणि तू हरलीस तर द्रव पदार्थांच्या धड्यातले सगळे न्यूमेरिकल्स सोडवायचे. बेचाळीस आहेत." मी हसत हसत हात पुढे केला. आपण जिंकणार हे मला इतकं ठाऊक होतं.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. देवरामभाऊ खकनारहून बायकोला घेऊन आले होते, "म्हैस दाखवाले". विक्रांत पडद्यावर आला तसं कमलकाकू म्हणाल्या, "हा? एवढ्याशा पोट्ट्याचा एवढा आवाज?" लोक लोळून हसले. मॅडम कोपऱ्यात पेन घेऊन बसल्या होत्या आणि मधूनमधून चूक सांगत होत्या, आणि काय सांगू, लोक त्यांच्या चुका मागून मागून घेत होते. "मॅडम, पदर कोरडा हाये ना?" "घड्याळ बघा, घड्याळ, उलटं चाललंय!" एकही माणूस उठला नाही.

मग भेग, पाठ, "रागिनी, अगर मैं—"

काळा पडदा.

"अगं, मग?" "पुढे?" "लाइट गेली का?"

मॅडम उभ्या राहिल्या. घसा खाकरला. "यापुढील भाग," त्या म्हणाल्या, आणि मी मनातल्या मनात एका वर्षाची सुटी साजरी करायला लागले. "यापुढील भाग असा, की विक्रांत भेगेला पाठ लावून उभा आहे. दाब बारा टन."

"असं नाही मॅडम," सागर मागून म्हणाला. त्याचा आवाज थट्टेचा नव्हता. "तो काय म्हणाला ते सांगा."

मॅडमनी खोलीभर पाहिलं. समोर त्यांनी नापास केलेले चारजण तरी होते. मग त्यांनी पेन टीव्हीपाशी ठेवलं, काकूंच्या लोखंडी कपाटाकडे गेल्या आणि त्याला पाठ लावली. मान वर केली.

"रागिनी," त्या म्हणाल्या.

तो त्यांचा आवाज नव्हता. मी दोन महिने भिंतीपलीकडून ऐकून जो आवाज काढायला बघत होते, आणि जो मला निम्मासुद्धा जमला नव्हता, तो त्यांच्या गळ्यातून उभाच्या उभा बाहेर आला. "रागिनी, अगर मैं हट गया तो गांव डूबेगा. नहीं हटा तो मैं डूबूंगा. मुझे पानी का डर नहीं. डर इस बात का है कि तुम्हारा जवाब इस शोर में सुन न सकूं."

अकरा मिनिटं. त्याचं बोलणं, तिचं बोलणं, मधली वीज, कंत्राटदार बापाचा पश्चात्ताप, सगळं. कपाट मागे खडखडत होतं आणि कोणाला हसू येत नव्हतं. रागिनीनं हां म्हटलं तेव्हा देवरामभाऊंच्या बायकोनं सुस्कारा सोडला आणि कमलकाकू तर हुंदके देऊन रडत होत्या, त्याच मेल्यासाठी.

संपल्यावर सागरनं नाक ओढत विचारलं, "मॅडम, बारा टनाखाली माणूस बोलू शकतो?"

"नाही," मॅडम कपाटाला टेकूनच म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता. "शक्यच नाही."

"मग?"

"मग काय? तो बोलतो."

आणि त्यांनी गर्दीतून मला शोधून काढलं. दोन्ही हातांची बोटं आधी चार वेळा उघडमीट केली आणि मग दोन बोटं वर धरली.

बेचाळीस. आज जून संपत आला आणि माझे सव्वीस झालेत. सत्ताविसाव्यात एक टाकी आहे, तिला तळाशी भोक आहे, आणि ते पाणी काही केल्या माझ्याच्यानं थांबत नाही.